घड्याळ कंपनीचे, करामत लोकांची

रमजान सुरू झाला की घड्याळाचा मान वाढतो. एरवी दहा-पाच मिनिटे इकडेतिकडे झाली तरी फारसे बिघडत नाही. या महिन्यात मात्र सहरी संपण्याचे मिनिट आणि इफ्तारचे मिनिट, या दोन्हींवर घरातल्या लहानथोरांचे लक्ष असते. पूर्वी कुठे भोंगा वाजायचा, कुठे मशिदीच्या मिनारावर हिरवा दिवा लागायचा. मग एखाद्या दुकानदाराने आपल्या जाहिरातीसह छापलेले वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले. पुढे मोबाइल आला. आता तर अनेकांच्या मनगटावरचे स्मार्टवॉचच थरथरून वेळ झाल्याचे सांगते.

हे थरथरणे घड्याळात घातले कुणी? कंपनीने, असे वाटणे साहजिक आहे. पण बहुतेक वेळा ते कंपनीचे काम नसते. कंपनी घड्याळ विकते, त्यात वेळ, मेसेज, पावले मोजणे अशी चार ठरलेली कामे देते. त्यापुढची खरी गरजेची सोय कुणीतरी बाहेरचा माणूस करतो. त्याला ती सोय स्वतःला हवी असते, म्हणून तो ती तयार करतो आणि सगळ्यांसाठी ठेवून देतो. स्मार्टवॉचच्या बाबतीत हा रिवाज ठळकपणे रुजला तो २०१३ साली, पेबल नावाच्या एका साध्यासुध्या घड्याळामुळे. कंपनी बुडाली, पण बाहेरच्या लोकांनी त्या घड्याळासाठी केलेली कामे टिकली. त्यातल्या एका कामाचा संबंध तर मधुमेह असूनही उपवास करणाऱ्या प्रत्येकाशी आहे, मग तो उपवास रोजाचा असो की एकादशीचा.

एक लाख मागितले, एक कोटी आले

पेबलचा जनक एरिक मिजिकोव्स्की हा कॅनडाचा तरुण अभियंता. वॉटर्लू विद्यापीठात शिकत असतानाच त्याला मोबाइलशी बोलणाऱ्या घड्याळाचे वेड लागले होते. त्याने आधी ब्लॅकबेरी फोनसाठी एक घड्याळ काढले. पुढच्या घड्याळासाठी मात्र गुंतवणूकदार पुरेसे पैसे लावायला तयार होईनात. तेव्हा त्याने ११ एप्रिल २०१२ रोजी किकस्टार्टर या संकेतस्थळावर थेट लोकांसमोर हात पसरला. घड्याळ अजून बनायचे आहे, पैसे आधी द्या, बनले की तुम्हाला मिळेल, असा तो सौदा होता.

मागणी होती एक लाख डॉलरची. तेवढे पैसे दोन तासांत जमले. मे महिन्यात मोहीम संपली तेव्हा ६८,९२९ लोकांनी मिळून १,०२,६६,८४५ डॉलर दिले होते. त्या वेळी किकस्टार्टरवर इतकी रक्कम कुणालाच मिळाली नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये मिळणार म्हणून सांगितलेले घड्याळ प्रत्यक्षात जानेवारी २०१३ च्या अखेरीस लोकांच्या हाती पडू लागले.

हाती पडले ते काय होते? प्लास्टिकचे घड्याळ, चार बटणे आणि जुन्या डिजिटल घड्याळासारखा काळा-पांढरा पडदा. त्या पडद्यावर आडवे १४४ आणि उभे १६८ ठिपके. हात लावून चालणारा टचस्क्रीन नाही, कॅमेरा नाही, स्पीकर नाही. दोन गोष्टी मात्र जमेच्या होत्या. पडदा सतत चालू राहायचा, भर उन्हातही वाचता यायचा. आणि एकदा चार्ज केले की घड्याळ पाच-सात दिवस चालायचे. फोनवरचा मेसेज दाखवणे, गाणे पुढे-मागे करणे आणि घड्याळाच्या काही तबकड्या एवढेच त्याचे काम. दुकानात त्याची किंमत १५० डॉलर होती.

ज्यांनी आधी पैसे मोजले होते त्यांना पहिले दोन-तीन महिने हे एवढेच मिळाले. घड्याळासाठी अ‍ॅप्स येतील, असे कंपनीने सांगितले होते. ती बनवण्याची साधने मात्र अजून कुणाच्या हाती नव्हती.

चोवीस किलोबाइटांची खोली

एप्रिल २०१३ मध्ये कंपनीने ही साधने खुली केली. कुणीही यावे, आपली तबकडी किंवा छोटे अ‍ॅप लिहावे आणि घड्याळात घालावे. परवानगीचा अर्ज नाही, शुल्क नाही.

जागा मात्र फार अपुरी होती. एका अ‍ॅपला चालण्यासाठी मिळायची जेमतेम २४ किलोबाइट स्मृती. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा याच्या शंभर पट मोठा असतो. घड्याळात एका वेळी आठच अ‍ॅप्स आणि तबकड्या ठेवता यायच्या. नववे हवे असेल तर आधीचे एक काढून टाकायचे. सुरुवातीला अधिकृत दुकानही नव्हते. ज्याने त्याने आपली फाइल इंटरनेटवर ठेवायची, दुसऱ्याने ती फोनवर उतरवून घड्याळात ढकलायची, असा सगळा मामला होता. कंपनीचे अ‍ॅप दुकान उघडले ते फेब्रुवारी २०१४ मध्ये, आणि तोवर बाहेरच्या लोकांनी केलेली अ‍ॅप्स आणि तबकड्या मिळून हजारावर गेल्या होत्या.

या हजारात काय नव्हते? काट्यांऐवजी अक्षरांत वेळ सांगणाऱ्या तबकड्या होत्या. सापाचा खेळ होता. धावणाऱ्यासाठी अंतर, सायकलवाल्यासाठी वेग, बाजाराला जाणाऱ्यासाठी यादी, प्रवाशासाठी पुढच्या गाडीची वेळ. काही कामे अगदी पोरकट होती, काही फार उपयोगी. बहुतेक फुकट होती. लिहिणाऱ्यांत व्यावसायिक होते तसे कॉलेजची मुलेही होती. आपल्या संगणकावर साधने बसवण्याची कटकट नको, म्हणून थेट ब्राउझरमध्ये अ‍ॅप लिहिता येईल अशी सोय कंपनीबाहेरच्याच एका प्रोग्रामरने केली. तिचे नाव कॅथरिन बेरी. पुढे कंपनीने तिला नोकरीत घेतले.

उणिवाही होत्या. घड्याळाच्या अक्षरसंचात देवनागरी नव्हती. मराठीत मेसेज आला की मनगटावर रिकामे चौकोन दिसायचे. उर्दू-अरबीचीही तीच गत. पण तबकडी करणाऱ्याला स्वतःची अक्षरे बरोबर नेण्याची मुभा होती. म्हणजे ज्याला १, २, ३ हे आकडे देवनागरीत हवेत, त्याने ते तबकडीत घालावेत. कंपनीला विचारायला जायचे कारण नाही. मोठ्या कंपनीच्या हिशेबात न बसणाऱ्या माणसासाठी ही सवलत मोलाची होती.

असरची वेळ एक की दोन?

नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारी अ‍ॅप्सही पेबलवर आली. वरवर पाहता त्यात अवघड काही नाही. पाच वेळा दाखवायच्या, वेळ झाली की घड्याळ थरथरवायचे. पण या वेळा छापील कोष्टकातून उचलून चालत नाही, त्या सूर्यावरून काढाव्या लागतात, आणि सूर्य गावागणिक वेगळा असतो. पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटे लागतात. रत्नागिरी आणि गोंदिया यांच्यात सुमारे सात रेखांशांचे अंतर आहे. म्हणजे एकाच राज्यात, एकाच दिवशी, दोन गावांच्या इफ्तारमध्ये अर्ध्या तासाच्या आसपास फरक पडू शकतो.

फजर आणि इशाची वेळ काढणे आणखी नाजूक. सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना पहाट उजाडली म्हणायचे, यावर जगात एकमत नाही. कराचीच्या पद्धतीत १८ अंश धरतात, उत्तर अमेरिकेतल्या एका जुन्या पद्धतीत १५, इजिप्तमध्ये साडेएकोणीस. सौदी अरेबियात इशा मगरिबनंतर ९० मिनिटांनी असते, रमजानमध्ये मात्र १२० मिनिटांनी. लंडनला तर ऐन उन्हाळ्यात सूर्य मध्यरात्रीही १८ अंश खाली जात नाही. तिथे काय करायचे, याचे वेगळे नियम आहेत.

असरचे उदाहरण तर महाराष्ट्रातल्या वाचकाच्या ओळखीचे निघेल. हनफी मताप्रमाणे माध्यान्हीच्या सावलीखेरीज वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट झाली की असरची वेळ सुरू होते. शाफई मताप्रमाणे ती उंचीइतकी झाली की पुरे. देशावर आणि मराठवाड्यात बहुतेक मुसलमान हनफी आहेत, कोकणातले कोकणी मुसलमान शाफई. त्यामुळे एकाच शहरात राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या असरच्या वेळेत तासाभराचा फरक असू शकतो, आणि दोघेही बरोबर असतात.

आता परदेशात घड्याळ बनवणाऱ्या एखाद्या कंपनीच्या बैठकीत हा विषय कधी निघेल का? निघणार नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. हे ज्याला ठाऊक आहे, तोच ते अ‍ॅपमध्ये घालू शकतो. हनफी की शाफई, एवढे विचारणारा एक साधा पर्याय. पेबलच्या चिपला अपूर्णांकांचे गणितही धड जमत नव्हते. म्हणून कंपनीने वर्तुळाचे ६५,५३६ भाग करून पूर्णांकांतच कोन मोजण्याची युक्ती दिली होती. पुढे जड हिशेब फोनवर करून घड्याळावर फक्त उत्तर दाखवण्याचीही सोय झाली. अशा तुटपुंज्या साधनांत ज्यांनी सूर्याचा हिशेब बसवला, त्यांच्यामुळे परक्या शहरात नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांना बैठकीत बसल्या बसल्या, फोन न काढता, मगरिब झाल्याचे कळू लागले.

जैन बांधवांचा चौविहार सूर्यास्तावर चालतो, संकष्टीचा उपवास चंद्रोदयावर सुटतो. गणित तेच, गरज तशीच. कुणी एक हिशेब खुला ठेवला की दुसऱ्याला तो आपल्या कामासाठी वापरता येतो.

वाट न पाहणारे आईबाप

पेबलवर आलेल्या बाहेरच्या कामांतले सर्वांत मोलाचे काम मात्र कुठल्या धर्माचे नाही. ते आहे काळजीत पडलेल्या आईबापांचे.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात राहणारा जॉन कॉस्टिक हा प्रोग्रामर. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच्या चार वर्षांच्या मुलाला टाइप-१ मधुमेह असल्याचे निदान झाले. या प्रकारात शरीर इन्सुलिन बनवणेच जवळजवळ थांबवते. ते बाहेरून द्यावे लागते, तेही मोजून. कमी पडले तर साखर चढते, जास्त झाले तर ती झपाट्याने उतरते. उतरलेली साखर अधिक भीतीची. मूल घामाघूम होते, बरळते, बेशुद्ध पडू शकते. रात्री झोपेत हे झाले तर जीवावर बेतते. अशा मुलांचे आईबाप रात्री दोन-तीनदा उठून बोटाला सुई टोचून साखर पाहतात.

त्वचेखाली बारीक तार बसवून दर पाच मिनिटांनी साखर मोजणारे यंत्र तेव्हा मिळत होते. आकडा एका छोट्या खिशातल्या उपकरणावर यायचा. अडचण एवढीच की ते उपकरण मुलापासून काही फुटांच्या आतच चालायचे. मूल शाळेत, उपकरण शाळेत, आणि बाप कामावर. आकडा आहे, पण ज्याला तो हवा त्याला दिसत नाही.

कॉस्टिकने त्या उपकरणाची भाषा उलगडली. ते तारेने फोनला जोडले, फोनने आकडा इंटरनेटवर पाठवायचा आणि बापाने तो कुठूनही पाहायचा, असा घरगुती बंदोबस्त त्याने केला. मे २०१३ मध्ये त्याने हे ट्विटरवर सांगितले. ते लेन डेसबरो या अभियंत्याने पाहिले. त्याच्याही मुलाला हाच आजार होता. आणखी आईबाप जमले, प्रोग्रामर जमले आणि या कामाला ‘नाइटस्काउट’ म्हणजे रात्रीचा पहारेकरी असे नाव पडले. त्यांचे घोषवाक्यच होते, ‘आम्ही वाट पाहत बसणार नाही.’ २०१४ मध्ये त्यांनी सगळा प्रोग्राम जगासाठी खुला केला.

यात पेबलचे काम कोणते? शेवटचे, आणि आईबापांसाठी सर्वांत महत्त्वाचे. नाइटस्काउटच्या मंडळींनी पेबलसाठी एक तबकडी लिहिली. तिच्यावर साखरेचा आकडा, तो चढतोय की उतरतोय हे दाखवणारा बाण, आणि हा आकडा किती मिनिटांपूर्वीचा आहे ही नोंद. ही तिसरी गोष्ट फार विचाराने घातलेली होती. मध्येच जोडणी तुटली आणि जुनाच आकडा पडद्यावर राहिला, तर आई निर्धास्त राहील आणि मूल संकटात जाईल. म्हणून आकड्याच्या वयालाही आकड्याइतकेच महत्त्व.

पेबलच का? कारण त्याचा पडदा विझत नव्हता, बॅटरी आठवडाभर टिकत होती, किंमत आवाक्यातली होती आणि त्यावर हवे ते लिहायला कुणाची हरकत नव्हती. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, रात्री कूस बदलताना मनगटाकडे एक नजर टाकली की पुरे. साखर उतरली तर घड्याळ थरथरायचे. कितीतरी आईबापांना अनेक महिन्यांनी सलग झोप मिळाली ती अशी.

हा उपद्व्याप निर्धोक नव्हता. तार निसटायची, इंटरनेट जायचे. या आकड्यावर विसंबून औषधाचा निर्णय घेऊ नका, असे नाइटस्काउटवालेच बजावत असत. पण त्यांनी करून दाखवले म्हणून गरज उघड झाली. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने साखरेचा आकडा दूरच्या फोनवर दाखवणाऱ्या अधिकृत यंत्रणेला परवानगी दिली. आज आईच्या फोनवर मुलाची साखर दिसणे ही नेहमीची गोष्ट झाली आहे. तिची वाट घरगुती तारा जोडणाऱ्यांनी पाडली.

रोजा, उपवास आणि साखर

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यात रोजा ठेवणारे आहेत, नवरात्र करणारे आहेत, निर्जळी एकादशी करणारेही आहेत.

रमजान आणि मधुमेह यांवर २००१ मध्ये १३ देशांतल्या बारा हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला होता. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग रमजानमध्ये टाइप-१ च्या रुग्णांत इतर महिन्यांच्या जवळपास पाचपट, तर टाइप-२ च्या रुग्णांत सुमारे साडेसातपट आढळले. तरीही लोक रोजा सोडत नाहीत. आजाऱ्याला आणि प्रवाशाला इस्लामने सवलत दिली आहे, हे माहीत असूनही सोडत नाहीत. घरात सगळे रोजेदार असताना आपण एकट्याने जेवणे जिवावर येते, हे त्यामागचे साधे कारण.

डॉक्टरांचे सांगणे सोपे आहे. रमजानच्या दीड-दोन महिने आधी भेटा, औषधाच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्या. रोजात साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा तिथेच सोडा. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. त्यामुळे तपासणी टाळण्याचे कारण नाही. उपवास करणाऱ्या इतर मधुमेहींनीही आपल्या डॉक्टरांकडून असेच आकडे आधी ठरवून घ्यावेत.

इथे एका फसवणुकीपासून सावध राहायला हवे. बाजारात आणि ऑनलाइन स्वस्तातली घड्याळे मिळतात. रक्त न काढता साखर सांगणारे घड्याळ, अशी त्यांची जाहिरात असते. त्यावर विश्वास ठेवू नये. त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. पेबलही साखर मोजत नव्हते. मोजायची ती त्वचेखालची तार, घड्याळ फक्त आकडा दाखवायचे. हा फरक ज्याला कळला, तो फसणार नाही.

मोठ्यांची घड्याळे

पेबलनंतर मोठ्या कंपन्या मैदानात उतरल्या. सॅमसंगचे गॅलेक्सी गिअर सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर झाले. रंगीत पडदा, पट्ट्यात कॅमेरा आणि सोबत सुमारे ७० अ‍ॅप्स. पण किंमत २९९ डॉलर, सुरुवातीला सॅमसंगच्याच ठरावीक उपकरणांशी चालणारे, आणि बॅटरीची गाठ रोज चार्जरशी.

अ‍ॅपलचे घड्याळ २४ एप्रिल २०१५ रोजी विक्रीला आले, तेव्हा अ‍ॅप्सचा आकडा साडेतीन हजारांवर असल्याचे कंपनीने सांगितले. मात्र त्या पहिल्या काळात बाहेरच्यांची अ‍ॅप्स खऱ्या अर्थाने घड्याळात चालतच नव्हती. सारे काम खिशातल्या फोनवर व्हायचे, घड्याळ फक्त चित्र दाखवायचे. त्यामुळे अ‍ॅप उघडायला मनगट धरून थांबावे लागे. घड्याळातच चालणारी अ‍ॅप्स त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आली. संपूर्ण तबकडी मात्र अ‍ॅपलने बाहेरच्यांच्या हाती दिली नाही. बाहेरच्यांना तबकडीवरच्या ठरवून दिलेल्या छोट्या कप्प्यांपुरतीच जागा मिळते.

पेबलने सर्वांत आधी खुली केली होती ती नेमकी तबकडीच.

कंपनी गेली, घड्याळ चालू राहिले

मोठ्यांशी टक्कर पेबलला झेपली नाही. २०१५ मधल्या दुसऱ्या मोहिमेत लोकांनी दोन कोटींहून अधिक डॉलर दिले, तरीही हिशेब जुळेना. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी बंद झाली आणि तिची मालमत्ता फिटबिटने घेतली. ३० जून २०१८ रोजी फिटबिटने पेबलच्या इंटरनेटवरच्या सेवा थांबवल्या. अ‍ॅपचे दुकान बंद, हवामान बंद, घड्याळाला बोलून मजकूर सांगण्याची सोय बंद. लाखो घड्याळे धडधाकट होती, पण त्यांच्यामागचा आधार गेला.

त्याआधीच काही जुन्या वापरकर्त्यांनी एकत्र येऊन ‘रिबल’ नावाचा गट केला होता. पुढाकार घेणाऱ्यांत कॅथरिन बेरीही होती. त्यांनी दुकानातली हजारो अ‍ॅप्स बंद होण्याआधी उतरवून ठेवली. अनेक अ‍ॅप्सचे मूळ लेखक केव्हाच दुसऱ्या कामाला लागले होते. त्यांची मेहनत नाहीतर पुसलीच गेली असती. रिबलने स्वतःचे दुकान उभे केले, सेवा पुन्हा सुरू केल्या, आणि हवामान-बोलण्यासारख्या खर्चिक सोयींसाठी थोडी वर्गणी ठेवली. कंपनी नसलेले घड्याळ अशी वर्षे चालले.

पुढे फिटबिट गूगलकडे गेली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या मूळ कार्यप्रणालीचा बराचसा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. ती घोषणा लिहिणाऱ्यांत गूगलमध्ये काम करणारी बेरी होतीच. मग मिजिकोव्स्कीने पुन्हा घड्याळे काढायला घेतली, आणि त्या नव्या घड्याळांवर दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिलेली ती छोटी अ‍ॅप्स चालतात.

गोष्ट इथे गोड संपली असती तर बरे झाले असते. पण २०२५ च्या अखेरीस मिजिकोव्स्कीची नवी कंपनी आणि रिबल यांच्यात जाहीर वाद झाला. जतन केलेली अ‍ॅप्स नेमकी कुणाची, त्यांचा उपयोग कुणी कसा करायचा, हा मुद्दा. दोन्ही बाजूंनी आपापले म्हणणे मांडले. ज्या शेकडो लोकांनी ती अ‍ॅप्स फुकट लिहून ठेवली, ते मात्र या वादात कुठेच नव्हते. ठेव ठेवणारा निघून जातो आणि सांभाळणारे आपसांत भांडतात, हे आपल्याकडच्या ट्रस्टांच्या आणि वक्फच्या जमिनींबाबतही पाहायला मिळते. अमानत सांभाळणे हे अमानत ठेवण्याइतकेच जोखमीचे असते.

घड्याळ घेताना

ईदच्या निमित्ताने अनेक घरांत यंदाही नवे स्मार्टवॉच येईल. दुकानदार पडद्याचा रंग दाखवेल, पावले मोजून दाखवेल. खरेदी करणाऱ्याने आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. या घड्याळावर कंपनीबाहेरच्या लोकांची अ‍ॅप्स बसतात का? मराठी मेसेज नीट दिसतो की चौकोन येतात? आणि कंपनीने उद्या आपली सेवा बंद केली तर घड्याळ किमान वेळ तरी दाखवेल का? स्वस्तातल्या पुष्कळ घड्याळांना पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्यांत जे भरून आले तेवढेच, पुढे काही नाही.

घरातली मुलगी किंवा मुलगा संगणक शिकत असेल, तर त्यांच्यासाठीही यात काम आहे. आपल्या गावाच्या सहरी-इफ्तारच्या वेळा, एसटीचे वेळापत्रक, आजोबांच्या गोळ्यांची आठवण, नळाला पाणी येण्याची वेळ. एवढे छोटे अ‍ॅप लिहायला मोठी कंपनी लागत नाही. पेबलच्या काळात चोवीस किलोबाइटांत लोकांनी ते केले. मुसलमानांमध्ये अशा कामाला सदका-ए-जारिया म्हणतात, करणारा निघून गेला तरी ज्याचे पुण्य चालू राहते असे दान. वाटेवर विहीर खोदणे, झाड लावणे ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे. उन्हाळ्यात चौकाचौकांत लागणारी पाणपोई त्याच जातीची. पाणी पिणारा रांजण कुणी भरला ते विचारत नाही, आणि भरणाराही कोण प्याले ते विचारत नाही.